उजव्या डोळ्याखालचा भोवरा

कल्याणच्या बंदरावर गवताच्या गाड्या यायला लागल्या की माझी कामं वाढतात. यंदा परवापासून सुरुवात झाली. मुरबाडकडून, बदलापूरकडून गाड्यांची रांग लागते, गवत दाबून त्याचे गठ्ठे बांधतात, ते पडावांत चढतात आणि खाडीतून मुंबईच्या तबेल्यांकडे निघतात. नवं गवत अधाशासारखं खाऊन पोट धरलेले घोडे, डोळ्यात कुसळ गेलेले घोडे, गाडीवानाच्या घाईनं खांदा सोललेले घोडे, सगळे माझ्या दारात येतात. मी घोड्यांचा डॉक्टर आहे. सकाळी उठल्याबरोबर दिवसाची यादी करतो, दिवे लागायच्या सुमाराला तिच्यावर रेघा मारतो. काल यादी करायला बसलो: अळशीचं तेल संपलं आहे, खुराची सुरी धारेला द्यायची, स्टेशनावरच्या दोन टांग्यांचे घोडे बघायचे. तेवढ्यात खिडकीतून वाळलेल्या गवताचा तो गोडसर वास आला आणि लेखणी थांबली. आश्विनात दरवर्षी एकदा असं होतं. चार वर्षं झाली.

त्या आश्विनात मी निवडणुकीला उभा होतो.

आता हे सांगायलाही ओशाळल्यासारखं होतं, कारण निवडणूक म्हटलं की माणसाला काही मोठं वाटतं. आमची सभा तीस जणांची. ठाण्यापासून कल्याणपर्यंत आणि थोडी मुंबईकडची मंडळी, सगळे घोड्यांवर इलाज करणारे. काही माझ्यासारखे कॉलेजात शिकलेले, काही सालोत्री, म्हणजे बापाकडून मुलाकडे आलेल्या विद्येवर चालणारे जुने अश्ववैद्य. गोऱ्या साहेबांची सभा निराळी होती. तिच्यात आम्हाला खुर्ची नव्हती. म्हणून आम्ही आपली काढली. तिचं एक पाच जणांचं मंडळ होतं, त्यातली एक जागा रिकामी झाली. म्युनिसिपालिट्यांच्या निवडणुका तेव्हा नव्यानं सुरू झालेल्या, मत देण्याघेण्याची लोकांना गोडी लागलेली. नाहीतर ही जागा चहा पिता पिता कुणालाही देऊन टाकली असती. पण ठाण्याचे भास्करराव उभे राहिले, मीही उभा राहिलो, आणि तीस माणसांत एकदम दोन तट पडले.

मी उभा राहिलो तो एका छापील कागदासाठी. घोडा विकताना वैद्यानं तपासून दाखला द्यायचा असतो. त्या जुन्या दाखल्यांत दात, पाय, दम, डोळे यांच्याबरोबर एक रकाना भोवऱ्यांचा असे. घोड्याच्या अंगावर केस जिथे गोल फिरतात तो भोवरा. मानेवर असला तर धन्याची भरभराट, छातीवर असला तर धन्याचा घात. डोळ्याखाली असला तर त्याला आसूढाळ म्हणायचं. असा घोडा ज्या घरात जातो त्या घरातल्या बायकांच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही, अशी समजूत. चांगली निरोगी जनावरं या एका रकान्यापायी मातीमोल होताना मी पाहिली होती. मी सभेत निबंध वाचला. माझ्या अकरा वर्षांच्या वह्या सोबत नेल्या होत्या. कुठल्या घोड्याला कुठे भोवरा होता आणि त्या घरात पुढे काय झालं, सगळं मी टिपून ठेवलं होतं. ज्या घरांत रडारड झाली, त्यांच्या घोड्यांच्या डोळ्यांखाली बहुधा काही नव्हतं. मी सात रकान्यांचा नवा दाखला स्वखर्चानं छापून घेतला, आठवा भोवऱ्याचा काढून टाकला, आणि सगळ्यांनी तोच वापरावा असा ठराव मांडायचा बेत केला. ठराव मांडायला मंडळात जावं लागतं. इतकं ते सरळ होतं.

निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस मी मतदारांची यादी केली. तीन रकाने: आपले, त्यांचे, मधले. प्रत्येक नावापुढे दोन शब्द. जेवायच्या आधी ही यादी घेऊन बसलो होतो. घरातून ताट वाढल्याची हाक दोनदा आली, मग मंडळी स्वतःच बाहेर आल्या आणि खांद्यावरून वाचू लागल्या.

"'तोंडाचा कडक, पण ओढला की वळतो.' हा कुणाचा घोडा?"

"घोडा नव्हे. मुंबईचे सदस्य आहेत."

"आणि हे, 'चाबूक दाखवू नये, गूळ दाखवावा'?"

"तेही सदस्यच."

"माझ्या नावाचं पान कुठं असेल ते दाखवा एकदा," त्या म्हणाल्या. "जेवायला चला. माझ्यापुढे 'लाथा मारते' असं लिहिलं असेल तर आधी खोडा."

आम्ही दोघंही हसलो होतो. यादी मात्र हसण्यासारखी नव्हती. आपले तेरा, त्यांचे तेरा, मधले चार. आणि मधले चार म्हणजे खरं तर एकच माणूस होता. ठाण्याचे अण्णा, तीन पिढ्यांचे सालोत्री, आणि त्यांचे तीन शागीर्द. अण्णा जिकडे चिठ्ठी टाकतील तिकडे ते तिघे टाकणार. अण्णांच्या नावापुढे मी काहीच लिहिलं नव्हतं. एवढ्या यादीत तेवढीच जागा कोरी होती.

आता पारूबाईबद्दल सांगायला हवं. इथं आलो की मी नेहमी दुसरं काहीतरी काम काढतो.

पारूबाई कोपरीच्या आगरी. घरचं थोडं मिठागर आणि एक गाडी. नवरा गेल्यावर गाडी तिनं स्वतः हाकली. तिच्या घोडीला शिंगरू झालं आणि घोडी चौथ्या दिवशी मेली, तेव्हा मी तिथे होतो. शिंगरू वाचणार नाही असं मी सांगितलं होतं. पारूबाईनं ते ऐकून घेतलं आणि तांदळाच्या पेजेत बकरीचं दूध घालून, फडक्याची बोंडी करून, त्याला पाजायला बसली. शिंगरू जगलं. तिनं त्याचं नाव मैना ठेवलं. मैना वर्षाची झाली तेव्हा एकदा पारूबाईनं मला तिचं तोंड उजेडाकडे वळवून दाखवलं.

"डाक्टर, हिच्या डोल्याखाली भवरा हाय. लोकं काय काय बोलतान. खरा काय?"

"केस फिरलेत, दुसरं काही नाही," मी म्हणालो. "माझ्या मुलाच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत."

"मंग दोन लग्नां करंल तो," ती म्हणाली आणि एवढी हसली की मैना बिचकली. मग तिनं घोडीच्या त्या भोवऱ्यावर बोट फिरवलं. "तुमी बोललाव ना नाय, मंग नाय." पुढे पाच वर्षं मी कोपरीला गेलो की पाहायचो, ती जाता येता त्याच जागी घोडीला कुरवाळायची. मैनेला ती सवय लागली होती. माणूस जवळ आलं की ती उजवा गाल पुढे करायची.

त्या साली पारूबाईचे गुडघे गेले. गाडी हाकणं होईना. मैनेला विकायची तर कुठे, हा तिचा घोर होता. पैशाचं ती बोलतच नव्हती. ठाण्याच्या तलावाजवळ गवताचे मोठे व्यापारी होते, त्यांच्या पागेत बग्गीच्या जोडीतली एक जागा रिकामी होती. दगडी पागा, ओलावा नाही, दोन वेळा हरभरा, आठवड्यातून चार दिवस काम. पारूबाई ती पागा स्वतः जाऊन पाहून आली होती. जमिनीला हात लावून पाहिला, म्हणाली. शेठनी घोडी पसंत केली, दसऱ्याच्या आधी दाखला आणा म्हणाले. दाखला मी द्यायचा होता. शेठची पागा सांभाळायचे ते मात्र अण्णा.

सकाळची वेळ होती. मोतद्दार दसऱ्यासाठी घोडे धूत होते, फरशीवर पाणी आणि झेंडूच्या पाकळ्या. मी मैनेचे दात पाहिले, पाय उचलून पाहिले, दौडवून दम पाहिला, मेणबत्ती फिरवून डोळे पाहिले. घोडी लाखांत एक होती. पारूबाई दाराबाहेर, हातात हिरव्या गवताची पेंढी धरून उभी होती. तपासणी चालू असताना आत यायला तिला संकोच वाटत होता. लगाम अण्णांनी धरला होता. मी सातही रकाने भरले.

"रामभाऊ, डोळ्याखालचं लिहिलं नाहीस," अण्णा म्हणाले.

"त्याचा रकाना नाही, अण्णा."

"शेरा आहे की खाली. रिकामाच आहे."

"माझा त्यावर विश्वास नाही. निबंध तुम्ही ऐकलात."

"ऐकला. चांगला होता. विश्वासाचं कोण बोलतंय? आहे की नाही एवढंच लिही. आहे ना भोवरा?"

"आहे."

"मग खोटं काय होणार त्यात?" अण्णांनी घोडीच्या मानेवर हात फिरवला. प्रेमानंच फिरवला, माणूस घोड्यांना वाईट नव्हता. "माझ्या पुतण्याचाही एक घोडा आहे. शेठच्या पागेत जागा एकच. बाकी परवा सभेला माझ्या तिघांना गाडीनं आणायचं आहे. आणीन म्हणतो. तू बोल."

मी बोललो नाही. मी लिहिलं. 'उजव्या डोळ्याखाली भोवरा आहे.' चार शब्द. ओळख पटावी म्हणून अंगावरची खूण नोंदणं हे वैद्याचं कामच आहे, असं मी स्वतःला लिहिता लिहिता सांगितलं. प्रत्येक दाखल्याची नक्कल मी ठेवतो, तीही आहे. त्या ओळीतलं अक्षर बाकीच्या ओळींपेक्षा चांगलं आलं आहे.

मी आजवर पुष्कळ चुका केल्या. मेलेलं जनावर जगेल म्हणून सांगितलं, जगणारं मरेल म्हणून सांगितलं. त्या सगळ्या वहीत आहेत आणि त्यांची मला लाज वाटत नाही. पण त्या दाखल्यात चूक एकही नाही. कुठल्याही कोर्टात तो कागद ठेवला तर मी सुटेन. खोटं लिहिलं असतं तर कधीतरी ते खोडता आलं असतं. खऱ्या वाक्यावर रेघ कशी मारायची, हे मला अजून समजलेलं नाही.

दाखला आत गेला. शेठच्या आईनं तो कारकुनाकडून वाचून घेतला. शेठ बाहेर आले, त्यांचा चेहरा कानकोंडा झाला होता. "डॉक्टर, आमचं काही नाही हो, पण आईसाहेब..." एवढंच म्हणाले. घोडी परत न्यायला सांगितली. पारूबाईनं ऐकलं, आणि ती त्या सकाळी पहिल्यांदाच त्या दारातून आत आली. ती शेठकडे गेली नाही, माझ्याकडे आली.

"डाक्टर, तुमी लिवलाव?"

"हो. आहे तेवढं लिहिलं."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मैनेकडे पाहिलं. मैनेनं सवयीनं उजवा गाल पुढे केला.

"तुमीच लिवलाव," पारूबाई म्हणाली, "म्हंजे असंलच."

ती रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. भांडली असती तर कदाचित मी सगळं कबूल करून टाकलं असतं. तिनं ते फक्त खरं मानलं. मी म्हणालो, काळजी करू नका, दुसरं गिऱ्हाईक मिळेल. तिनं लगाम घेतला, गाल पुढे केलेल्या घोडीला हात न लावता वळवलं, आणि तलावाच्या कडेनं लंगडत निघून गेली. गवताची पेंढी दारातच राहिली. अण्णांच्या पुतण्याचा घोडा ती दुसऱ्या दिवशी खात असेल.

निवडणूक दसऱ्यानंतर झाली. मतपेटी म्हणून एक कोरा तोबरा खुंटीला टांगला होता, त्यात एकेकानं जाऊन चिठ्ठी टाकायची. घोड्याला चंदी खायला घालायच्या पिशवीत आपण मतं टाकतो आहोत याची सगळ्यांना मोठी मौज वाटत होती. कुणीतरी म्हणालं, हरभरा संपला तर निवडून आलेल्यानं चिठ्ठ्या खाव्यात. अण्णा तिघांना घेऊन वेळेवर आले. मला सतरा, भास्कररावांना तेरा. भास्कररावांनी उठून मला मिठी मारली आणि म्हणाले, रामभाऊ, तुमच्या निबंधानं मला हरवलं. मी हार घातलेला, पेढा हातात धरलेला, तसाच उभा. माझी यादी किती अचूक होती, हे त्या वेळी मनात आलं, आणि त्याचा आनंदही झाला. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

पहिल्याच बैठकीत माझा ठराव एकमतानं मंजूर झाला. भोवऱ्याचा रकाना गेला. आज ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळे वैद्य माझाच छापील कागद वापरतात. मुदत संपेपर्यंत मी मंडळात बसलो, एकही बैठक चुकवली नाही, इतिवृत्त वेळेवर लिहिलं. राजीनामा द्यावा असं दोनदा मनात आलं. दोन्ही वेळा कारण काय लिहायचं इथे अडलो.

पुढच्या चैत्रात मोहन्याला एका वीटभट्टीवर खेचर आजारी होतं म्हणून गेलो. नदीकाठची भट्टी, धुरानं डोळे चुरचुरत होते. ओल्या विटांचं ओझं घेऊन जनावरं चढावर येत होती. त्यांच्यातली एक जवळून गेली, आणि मी ओळखलं ते चालीवरून. मैना. खांदे खरचटलेले, बरगड्या दिसू लागलेल्या. मी हाक मारली तशी ती थांबली, पण गाल पुढे केला नाही. उजव्या डोळ्याखाली केसच नव्हते. तिथे तापल्या लोखंडाचा डाग होता, रुपयाएवढा, जुना होऊन काळपट पडलेला.

"हे कुणी केलं?" मी भट्टीवाल्याला विचारलं.

"विकणारीनंच डागून दिलीय, दोष जळावा म्हणून," तो म्हणाला. "खोड होती म्हणे, आसूढाळ. प्रामाणिक बाई. लपवलं नाही. स्वस्तात दिली."

घोडी विकत घ्यावी असं मनात आलं. लगेच दुसरंही आलं: लोक विचारतील, डॉक्टर, हीच का घेतली? त्या प्रश्नाचं उत्तर जुळवता जुळवता खेचराला औषध पाजून झालं, आणि मी कल्याणला परत आलो. त्या दिवसाच्या यादीत सगळ्या ओळींवर रेघा आहेत.

महिनाभरानं मी कोपरीला गेलो. मिठाचा हंगाम जोरात होता. मिठागराच्या बांधावर पांढरे ढीग, ऊन एवढं की डोळे उघडवेनात. पारूबाई बांधावर बसून पोरीसुनांना काय कुठं ओढायचं ते सांगत होती. मला पाहून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी समोर उभा राहिलो आणि घरून जुळवून आणलेलं सगळं एका दमात सांगितलं. तो भोवरा म्हणजे काही नव्हे. तेव्हाही नव्हता. मला सभेत निवडून यायचं होतं. अण्णांची चार मतं पाहिजे होती. म्हणून मी ती ओळ लिहिली. मैनेची जागा मी घालवली.

ती ऐकत होती. मतं म्हणजे काय ते तिनं मध्येच विचारलं, मी सांगितलं.

"डाक्टर," ती म्हणाली, "माजा जीव थंड करायला येवऱ्या उनाचं आलाव. नि सोताच्या अंगाव वंगाल घेताव."

"पारूबाई, मी खरं सांगतोय."

"असूं दे. मना समजतं. डागलीच ना मी तिला, माज्या हातानं. धा दिवस रडलू. तवाच समजलं का कागद खरा हाय. रडवलंनच ना तिनं मना?"

मी पुन्हा सांगितलं. ती मान हलवत राहिली, आजारी माणूस बरं आहे म्हणतो तेव्हा आपण हलवतो तशी. मग सुनेला हाक मारून तिनं माझ्यासाठी मडक्यातलं पाणी मागवलं. "देवमानूस हाय," ती सुनेला म्हणाली. मी पाणी प्यालो.

तेव्हापासून कोपरीचे लोक आपली जनावरं माझ्याकडेच आणतात. पारूबाईच पाठवते. कल्याणचा डाक्टर उनातून माझ्यासाठी आला होता, असं ती सगळ्यांना सांगते. घोडा पोटदुखीचा असो, लंगडा असो, आणणारा माणूस आधी त्याचं तोंड धरून उजेडाकडे वळवतो आणि डोळ्याखाली बोट ठेवतो.

"डाक्टर, पयलं हितं बघा."

मी बघतो.